केना उघडतो तेव्हा

घरकाम संपत नाही, ते अर्ध्यावर टाकून उठावं लागतं. कचेरीतली फाइल मिटते, शेतातली कापणी एका दिवशी आटोपते. पण इथे ओटा पुसून होतो न होतो तोच कुणीतरी चहाचा कप आणून सिंकमध्ये ठेवतं. 'एवढं झालं की जरा बसते' असं आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं आणि ते बसणं काही होत नाही. बरं, बसलं तरी विसावा मिळतोच असंही नाही. सोफ्यावर टेकावं तर वरच्या पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसते, दोरीवरचे वाळलेले कपडे दिसतात, फ्रिजमधली कोथिंबीर आज निवडली नाही तर उद्या टाकून द्यावी लागणार हे आठवतं. कामाची जागा आणि विश्रांतीची जागा एकच असली की उंबऱ्याबाहेर पडण्यावाचून गत्यंतर नसतं. इथवर सगळ्याजणी माना डोलावतात. माझं म्हणणं याच्या थोडं पुढचं आहे. बाहेर पडायचं ते पायी, जवळपास, शक्यतो एकटीनं आणि काहीही काम न काढता. आणि पावसाळ्याच्या दिवसांत पडायचं ते रानफुलं बघायला. यातल्या 'काम न काढता' या अटीवर घरोघर वाद होतो.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोक आपला वेळ कशात घालवतात याची देशभर पाहणी २०१९ मध्ये केली आणि पुन्हा २०२४ मध्ये केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, ती पाच वर्षांनी २८९ झाली. पुरुषांची ९७ होती, ती ८८ झाली. पुरुषांची ही सरासरी घरकामाला हात लावणाऱ्यांचीच आहे. न लावणारे तिच्यात धरलेलेच नाहीत. मुलांचं आणि म्हाताऱ्यांचं करणं वेगळं मोजलंय, ते आणखी निराळं. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं सुटली आणि पुरुषांनीही लगोलग आपली नऊ सोडवून घेतली. या वेगानं वाट बघायची म्हटलं तर कुणाच्याच हयातीत काही व्हायचं नाही.

शिवाय सरासरीत सण दिसत नाहीत. आपल्याकडे रानफुलांचा हंगाम श्रावणाच्या आगेमागे लागतो आणि आश्विनात ओसरतो. आता याच काळातलं घराचं पंचांग बघा. नागपंचमी, मंगळागौर, राखी, गोकुळाष्टमी, पोळा, हरतालिका, गणपती, गौरी, पितृपक्ष, नवरात्र. नागपंचमीला चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही असा नियम आहे. ऐकायला ही सुट्टीच वाटते. पण तव्याऐवजी मोदकपात्र चढतं आणि पुरणाची दिंडं उकडावी लागतात. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्याला न्हाऊ घालतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी भरवतात. ती पोळी लाटणारीचं जू त्या दिवशी नेहमीपेक्षा जरा जडच असतं. कासच्या पठारावर निळे-गुलाबी गालिचे पसरल्याचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, त्याच आठवड्यात गौरीच्या सोळा भाज्या निवडणं चालू असतं. निसर्गानं मुद्दाम केलेलं नाही हे, पाऊस तेव्हाच पडतो. पण वर्षातली सगळ्यात देखणी फुलं आणि वर्षातला सगळ्यात लांब स्वयंपाक एकाच वेळी यावेत, आणि त्यांतलं एकच बाईच्या वाट्याला यावं, हे काही पावसानं ठरवलेलं नाही.

पूर्वी या दोन गोष्टींची गाठ पडत असे, हे मात्र कबूल करायला हवं. मंगळागौरीला, हरतालिकेला पत्री लागायची आणि ती आणायला मुली-सुना बाहेर पडायच्या. आघाडा बांधावर, माका ओलाव्याला, विष्णुक्रांता माळावरच्या गवतात, धोतरा उकिरड्याजवळ. कुठे काय उगवतं हे पायांना माहीत असायचं. कोकणात अनेक घरांत गौर म्हणजे मुळासकट उपटून आणलेली तेरड्याची रोपंच असतात. ती आणायला जाणं हा सणाचाच भाग. वाटेत गाणी, थट्टा, थोडं रेंगाळणंही. धर्मानं बाईला घराबाहेर जायची पळवाट ठेवली होती, फक्त हातात परडी असली पाहिजे. पाणवठ्याला जाताना डोक्यावर घागर, रानात जाताना भारा बांधायचा दोर. मोकळ्या हातानं गेलेली बाई म्हणजे नुसती हिंडणारी, आणि नुसतं हिंडणाऱ्या बाईबद्दल गाव काय बोलतं ते सांगायला नको.

ती पळवाटही आता बुजली. आज पत्री मंडईत जुडी बांधून मिळते, तेरडा दादरच्या फुटपाथवर मिळतो, पाणी नळाला येतं आणि किराणा दाराशी. घागरी वाहायचे दिवस परत यावेत असं फक्त ज्यांनी घागर वाहिली नाही त्यांनाच वाटतं. मला वाटत नाही. पण जाण्या-येण्याचे श्रम वाचले तेव्हा जाणं-येणंही गेलं, हा हिशेब कुणी मांडला नाही. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकी इतिहासकार बाईंनी १९८३ साली एक पुस्तक लिहून दाखवलं होतं की घरात यंत्रं आली तेव्हा आधी वाचले ते पुरुषांचे आणि मुलांचे कष्ट. बाईचं काम हलकं झालं, पण कमी झालं नाही, कारण स्वच्छतेच्या आणि नीटनेटकेपणाच्या अपेक्षा त्याच वेळी वर चढल्या. अमेरिकेतल्या घरांबद्दलचं हे म्हणणं आमच्या सोसायटीतल्या घरांना जसंच्या तसं लागू पडतं. आठवड्यातून एकदा बदलायच्या चादरी मशीन आल्यापासून दोनदा बदलल्या जातात. वाचलेला वेळ घरातच मुरतो.

म्हणून परडी ठेवून द्या आणि मोकळ्या हातानं निघा, असं मी म्हणते. हल्ली परडीची जागा तब्येतीनं घेतली आहे. शुगर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, मनगटावरच्या घड्याळात दहा हजार पावलं भरायची आहेत, असं म्हटलं की घरचे लगेच वाट सोडतात. मला हे कारण आवडत नाही. त्यात गृहीत असं की बाई धडधाकट राहिली तर घर चालेल. म्हणजे फिरणंसुद्धा घराच्याच खात्यावर जमा. शिवाय पावलं मोजणारी बाई थांबत नाही, आणि फुलं बघायला तर थांबावंच लागतं.

आता केन्याचं बघा. केना म्हणजे पावसाळ्यात कुंपणाच्या कडेला, गटाराच्या काठाला, पडीक प्लॉटवर, कुठेही पसरणारी साधी वनस्पती. पानाची भजी करतात, भाजीही करतात. पानांच्या बेचक्यात दुमडलेला एक हिरवा खिसा असतो, त्यातून एकेक फूल वर डोकावतं. वरच्या दोन पाकळ्या ठसठशीत निळ्या, तिसरी खाली बारीक, आणि मध्ये पिवळे पुंकेसर. हे फूल सकाळी उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं. मिटतं म्हणजे सुकतही नाही. पाकळ्या पाझरून त्यांचा ओलसर निळा लगदा होतो. ज्या वेळात केना उघडा असतो, त्याच वेळात घरात दूध तापत असतं, डबे भरले जात असतात, कुणाचा तरी एक मोजा सापडत नसतो. डबे, अंघोळी, केर-लादी आटोपून बाई साडेअकराला खाली उतरते तेव्हा तिथे नुसता पाला असतो. चाळीस-चाळीस वर्षं केन्याची भजी केलेल्या बायका मला भेटल्या आहेत ज्यांनी त्याचं फूल उमललेलं बघितलेलं नाही. याला मी अन्याय म्हणणार नाही, अन्याय याहून मोठे असतात. पण विसावा दिवसाच्या शेवटी उरलेल्या वेळात बसवता येत नाही, एवढं यावरून पटावं. त्याला दिवसातली चांगली वेळ द्यावी लागते, आणि ती कुणाच्या तरी डब्यातून काढावी लागते.

(केना जमिनीखालीही फुलं धरतो. ती कधी उमलत नाहीत, आतल्या आत बी तयार करतात. यावरून बाईच्या जन्मावर काहीतरी लिहायचा मोह होतो, तो मी आवरते. केना तण आहे आणि त्याला आपला वंश वाढवायचाय, बस्स.)

फुलं बघायला वनस्पतिशास्त्र यावं लागतं असं समजून पुष्कळजणी मागे राहतात. माझा अनुभव उलटा आहे. तांदळातला पांढरा खडा, डाळीतला किडका दाणा, मेथीच्या जुडीतलं दुसरंच पान हे एका नजरेत टिपणारे डोळे गवतात वाकले की त्यांना सगळं दिसायला लागतं. टेकडीवर विष्णुक्रांतेचं फूल नखाएवढं असतं, गवतात अर्धं बुडालेलं. दुर्बीण गळ्यात अडकवलेले लोक त्याच्यावर पाय देऊन जातात. कासला सीतेची आसवं नावाची जांभळी-निळी फुलं हजारोंनी येतात आणि बघे त्यांचा रंग बघून परततात. जवळ बसून पाहिलं तर कळतं की त्या नाजूक देठाखाली, ओल्या मातीत, सूक्ष्म फुग्यांचे सापळे असतात आणि त्यांत बारीक जीव ओढून घेतले जातात. कातळावरच्या बोटभर मातीत नत्र पुरत नाही, म्हणून ही वनस्पती मांसाहारी झाली. तुटपुंज्या सामानात घर चालवणाऱ्या बाईला हे सांगितलं की ती फारशी दचकत नाही. निवडायची ती नजर तीच, फक्त इथे निवडलेलं शिजवायचं नसतं. माझ्या मते विसावा इथे आहे. डोळे तेच काम करतात आणि त्यांच्यामागून हात काही करत नाहीत.

त्यासाठी फूल रानातलंच का, कुंडीतलं का नाही? कारण कुंडीतलं झाड घरातलं माणूस असतं. त्याला पाणी घालायचं, खत घालायचं, पिठ्या ढेकूण झाला की साबणाच्या पाण्यानं पुसायचं, गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली देऊन जायचं. गच्चीवरची बाग फुलवणाऱ्या बायकांबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी २८९ मध्ये आणखी वीस मिनिटं घातलेली असतात. रानातल्या सोनकीला कुणी पाणी घातलेलं नसतं. तुम्ही गेलात तर ती आहे, नाही गेलात तर तिचं काही अडत नाही. दिवसभर जिच्यावाचून सगळ्यांचं अडतं तिला, आपल्यावाचून काहीच न अडणाऱ्या जागी तासभर उभं राहायला मिळणं ही चैन मोठी आहे.

आणि रानातलं म्हणजे कासचंच असं नाही. कास सुंदर आहे. साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटरवर, साडेआठशेंहून अधिक सपुष्प वनस्पतींचं घर, २०१२ पासून पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत. पण सहकुटुंब कासला जाणं म्हणजे बाईच्या घरकामाची फक्त बदली होते. पहाटे चारला उठून पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, मुलांचे जादा कपडे, उलटीची गोळी, ओले बूट ठेवायला प्लॅस्टिकच्या पिशव्या, सासूबाईंसाठी घडीची खुर्ची. ऑनलाइन तिकीट काढलेलं, वेळ ठरलेली, दोरीच्या अलीकडून फोटो, परत गाडीत. सहलीतून घरी आलेली बाई आधी डबे घासायला काढते. विसाव्याला लागतं ते घरापासून चालत वीस मिनिटांवरचं, रोजचं, बिनतिकिटाचं रान.

असं रान असलं तरी तिथे उभं राहणं सोपं नसतं. चालणारी बाई लोकांना समजते, खाली बघत थांबलेली समजत नाही. टेकडीवर मी गवतात वाकले की वरून येणारे कुणी ना कुणी विचारतातच, "ताई, काही पडलं का?"

"नाही काका, फूल बघतेय."

"कुठलं?" ते वाकतात, चष्मा वर-खाली करतात. "हे? हे तर गवत आहे." आणि मग, जाता जाता, "एकट्या नका थांबू हो इथे."

बोलणं काळजीचंच असतं, त्याचा राग येत नाही. भीतीही खोटी नसते. पण बाईला निवांतपणे कुठे थांबता येतं याची यादी केली तर देऊळ, भाजीवाला आणि शाळेचं फाटक एवढीच भरते.

एक आक्षेप खरा आहे, आणि तो स्त्रीवादी मैत्रिणींकडूनच येतो. त्यांचं म्हणणं, तू फिरून येतेस, ताजीतवानी होतेस आणि पुन्हा ओट्याशी उभी राहतेस. ओटा जिथल्या तिथे. कुकरची शिट्टी वाफ सोडते म्हणून तर कुकर फुटत नाही. याला माझं अर्धंच उत्तर आहे. कामाची वाटणी होईपर्यंत फिरायला जाऊ नये, असं म्हणणाऱ्या बाईला मी वर दिलेल्या नऊ-दहा मिनिटांकडे बोट दाखवीन. पण फिरून आल्यावर तीच भांडी तशीच पडलेली असतील तर तो विसावा नाही, उचल आहे. रात्री व्याजासकट फेडावी लागते. त्या तासाचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी हातानं झालेलं असलं पाहिजे. ते हात कुणाचे, या प्रश्नाशी फुलांवरचं बहुतेक लेखन येतच नाही.

शाळेत आपण वर्डस्वर्थची डॅफोडिल्सवरची कविता शिकलो. कवी एकटाच भटकत असताना त्याला ती फुलं दिसली असं त्यात आहे. प्रत्यक्षात १५ एप्रिल १८०२ ला अल्सवॉटर सरोवराच्या काठानं त्याच्याबरोबर त्याची बहीण डोरोथी चालत होती आणि त्या फुलांचं तपशीलवार वर्णन तिनं आपल्या रोजनिशीत केलं होतं. कविता छापली गेली १८०७ साली, रोजनिशी तिच्या मृत्यूनंतर. तिची ती ग्रासमिअरची रोजनिशी मला कवितेपेक्षा जास्त जवळची वाटते. तिच्यात पाव भाजणं, इस्त्री, धुणं, भावाच्या कवितांच्या नकला, डोकेदुखी आणि मैलोन्‌मैल चालणं, रस्त्याकडेची फुलं हे सगळं एकाच दिवसात, एकाच ओळीत येतं. तिथे घरकाम आणि रानफुलं यांच्यात भिंत नाही. मात्र त्या घरात रोज काही तास मॉली फिशर नावाची शेजारीण कामाला येत होती. डोरोथीचं चालणं तिच्यावरही उभं होतं.

माझं चालणं आमच्याकडे येणाऱ्या मावशींवर उभं आहे. त्यांना मी फोनवर केन्याचा फोटो दाखवला तेव्हा त्या हसल्या. "ताई, हे उपटून उपटून आमची कंबर गेली." त्यांचं माहेर मावळातलं. केन्याचा खुरप्यानं तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की पुन्हा मूळ धरतो, म्हणून उपटलेला केना बांधाबाहेर नेऊन टाकावा लागतो, हे मला त्यांनी शिकवलं. कुठल्या पावसानंतर टाकळा भाजीसाठी खुडायचा आणि कुठल्या पावसानंतर तो राठ होतो हेही. रानफुलं त्यांना माझ्याहून कितीतरी जास्त माहीत आहेत, पण कामाची म्हणून. 'मावशी, तुम्ही कधी नुसत्या फिरायला जाता का' असं विचारण्यात काही अर्थ नव्हता; त्या आमच्या घरापासून पुढच्या तीन घरांकडे चालतच जातात. त्यांना हवी ती पगारी सुट्टी. बाकीचा निसर्ग त्या स्वतः बघून घेतील. गौरी-गणपतीत आपण त्यांना एखाद्या दिवसाची जादा सुट्टी देतो की त्या दिवसांत जादा भांडी पडतात म्हणून जादा वेळ बोलावतो, याचं उत्तर ज्याच्या त्याच्या घरात आहे.

घर आणि रान यांच्यात भिंत नसल्याचं आपल्याकडचं उदाहरण दुर्गा भागवतांचं. त्यांचं ऋतूंवरचं 'ऋतुचक्र' आपण आवडीनं वाचतो. त्याच दुर्गाबाईंनी पाककृतींचं 'खमंग'ही लिहिलं. स्वयंपाकघर आणि ऋतू यांत निवड करावी लागत नाही, हे एका बाईच्या पुस्तकांच्या कपाटात दिसतं. फक्त त्या बाईच्या दिवसाची मालकी तिच्याकडे होती.

शेवटचा मुद्दा घराबाहेरचा. पुण्यात वेताळ टेकडीतून रस्ता आणि बोगदे काढायचे बेत कधीपासून आहेत. २०२३ साली लोक त्याविरुद्ध रस्त्यावरही उतरले. विरोध करणाऱ्यांनी भूजल, पक्षी, हवा, उष्णता अशी कारणं मांडली, सगळी योग्य. रस्त्याच्या बाजूनं एकच आकडा येत राहतो, प्रवासातली किती मिनिटं वाचणार. गाडीत बसलेल्या माणसाची मिनिटं शहर मोजतं. घरापासून चालत वीस मिनिटांवर जिला रान आहे तिचा सकाळचा तास कुठल्याच तक्त्यात येत नाही, कारण त्यातून काही तयार होत नाही, कुणी कुठे पोचत नाही, आणि ती रोज घरीच परत येते. टेकडी गेली तर तिला कास आहेच असं सांगतील; वर्षातून एकदा, तिकीट काढून, पुऱ्या करून. या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड करून आपण आधीच पुष्कळ फुलांची जागा घालवली आहे, कडेकडेनं गाजर गवत आणि पिवळा कॉसमॉस शिरलाय. उरलंय ते थोडंच, पण ते चालत गाठता येतं.

महापालिका अशा बेतांवर हरकती-सूचना मागवते तेव्हा अर्जात कारण लिहायला एक ओळ सोडलेली असते. बहुतेकजण तिथे 'पर्यावरण' लिहितात. पुढच्या वेळी मी 'घरकाम' लिहिणार आहे, आणि खाली जागा उरली तर २८९ हा आकडा.